लिनक्स आणि दह्याची वाटी

दुपार पेंगुळली होती. दुकानदाराने भंगारात काढायला सांगितलेला शरयूताईंचा संगणक लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली टाकल्यापासून पुन्हा उजळला होता. पडद्यावरच्या निळाईकडे बघता बघता त्यांची तंद्री लागायची.

जेवताना समोरच्या पडद्याकडे बोट दाखवत थोरले दीर अप्पासाहेब गरजले, “सगळं जग वापरतं ते सोडून हे कसलं खूळ? ना मालक, ना किंमत! लोकांनी एकमेकांना फुकट वाटलेलं काही घरात घेऊ नये. आजच काढून टाका! आणि दही वाढा अजून, काय सुरेख लागलंय!”

शरयूताईंनी भरलेली वाटी हातातच धरली. “भाऊजी, याचं विरजण तांबोळीकाकूंनी दिलं. त्यांना त्यांच्या शेजारणीने. तिला कुणी दिलं, ठाऊक नाही. मालक सापडेपर्यंत थांबता का?”

शरयूताईंची नजर पुन्हा निळाईत बुडाली, आणि अप्पासाहेबांनी हळूच वाटी ओढून घेतली.