कोय धरण्याआधी

झाडाचे पहिले फळ कधी तोडावे, असे तुम्हाला वाटते?

एका नगरात मनसुखशेठ राहत. पाण्याचे पंप बनवणारी त्यांची मोठी कंपनी होती. कारखान्यामागे एक आंब्याचे झाड होते. दर चैत्रात त्याची पहिली कैरी शेठजी स्वतः तोडत आणि सगळ्यांना वाटत. त्यांना त्याचे फार कौतुक.

एका वर्षी शेठजींनी ठरवले, की रानातल्या आदिवासी मुलांना यंत्रविद्या शिकवायची. सारा खर्च कंपनीचा. अट एकच. वर्षभर शिकायचे आणि लगेच कारखान्यात कामाला लागायचे.

"झाड लावलं, की फळ दिसलं पाहिजे," ते म्हणत.

निवडलेली मुले आली, तेव्हा शेठजींनी त्या झाडाखालीच कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून वाटल्या. साऱ्यांनी मिटक्या मारल्या. जुरी नावाच्या माडिया मुलीने मात्र फोड तळहातावर तशीच धरून ठेवली.

कारभारी कुजबुजले, "खा गं पोरी! शेठजींच्या हातची आहे. नाव कापतील तुझं!"

जुरीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. तिचा पाडा उंचावर, ओढा खाली. ओढ्याचे पाणी पाड्यापर्यंत चढवील असे यंत्र बनवायचे, हे एकच वेड घेऊन ती आली होती. तरी तिने फोड तोंडात घातली नाही.

शेठजींच्या कपाळाला आठी पडली. "का गं? आंबट आवडत नाही?"

"लय आवडते जी. पण आमच्या गावात पंडुमचा सण झाल्याशिवाय नवी कैरी कोणी तोडत नाही. आधी कोय धरू द्यायची. कोवळीच खाल्ली, तर पुढचं झाड कुठून येणार?"

"तुमच्या सणासाठी माझी यंत्रं थांबतात होय?" शेठजी ताडकन उठले. "तुझं काय करायचं, ते उद्या सांगतो."

संध्याकाळी ते त्याच झाडाखाली टेकले. मंद झुळूक आली आणि त्यांचा डोळा लागला.

स्वप्नात ते एका अफाट आमराईत फिरत होते. फांद्यांना कैऱ्यांऐवजी इवले इवले दिवे लोंबत होते. शेठजी हौसेने एकेक दिवा तोडून टोपलीत टाकत, आणि टोपलीत पडताच तो विझे. टोपली भरली, तेव्हा सगळीकडे अंधार झाला होता. फक्त दूरच्या टेकडीवर एक दिवा उरला होता, न तोडलेला. त्याच्या उजेडात मातीतून एक कोंब हळूहळू वर येत होता, आणि कुठून तरी पाणी चढल्याचा आवाज येत होता.

शेठजी जागे झाले. पायाशी त्यांनीच कापलेली कोय पडली होती. पांढरी, लिबलिबीत. नख लावताच चिरली. मातीत पुरली असती, तरी ती रुजली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींनी वर्षाची अट काढून टाकली, शिक्षण पुरे झाल्यावर कुठे काम करायचे ते मुलांवर सोडले, आणि जुरीला वर्गात कायम ठेवून पंडुमसाठी गावी जायची सुट्टीही दिली.

तात्पर्य: आधार द्यावा तो वाढू देण्यासाठी, फळाची घाई करणारा बीजालाही मुकतो.