धर्माच्या गाईचे दात

खूप खूप वर्षांपूर्वी एका राज्यात एक न्यायाधीश होते. लोक त्यांना शास्त्रीबुवा म्हणत. माणूस देवासारखा, पण भिडस्त इतका, की भातात खडा लागला तरी वाढणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून गिळून टाकायचा.

म्हातारपणी त्यांचे पुढचे काही दात पडले. बोलणं कुणाला कळेना. तेव्हा राजाने हस्तिदंताचं काम करणारा कारागीर बोलावला. त्याने दात कोरले आणि शेजारच्या खऱ्या दातांना सोन्याच्या तारेने अडकवून दिले.

"शास्त्रीबुवा, दात बसवले म्हणजे बसले असं नव्हे," तो म्हणाला. "चार दिवस वापरा. कुठं बोचतंय, कुठं हलतंय ते सांगा, मी घासून देतो. तुमच्या तोंडातलं दुखणं मला बाहेरून कसं कळणार?"

चार दिवसांत हिरडी सोलवटली. बोलता बोलता दात घसरून जिभेवर टेकत आणि 'स'चा 'त' होई. पण कारागीर आला तेव्हा शास्त्रीबुवा म्हणाले, "झकास बसलेत."

घरी बायको वैतागली. "साखर मागायची तर ताखर म्हणता! अहो, सांगा ना त्या कारागिराला."

"राजाने दिलेत गं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत."

"गाईच्या तोंडात असते तर मीही मोजले नसते!"

शास्त्रीबुवा हसले. न्यायसभेत ते जपून, सावकाश बोलू लागले. तेवढ्यावर निभावत होतं.

त्या राज्यात चोरीचा निकाल दोनच शब्दांत देत: 'हात सोडा' किंवा 'हात तोडा'. शब्द तोंडातून निघाला की त्याच क्षणी अंमल होई.

एकदा राजवाड्यातलं रेशीम चोरल्याचा आळ एका तरुण विणकरावर आला. शिपायांनी त्याचा हात ठोकळ्यावर धरला होता. शास्त्रीबुवांनी सगळं ऐकलं. पोरगा निर्दोष होता, त्यांची खात्रीच पटली. त्यांना इतका आनंद झाला, की जपून बोलायचं राहूनच गेलं.

"हात तोडा!"

विणकराचा चेहरा पांढरा पडला. शास्त्रीबुवा धडपडत उठले आणि जीव तोडून ओरडले, "अरे, तोडा! तोडा त्याला!"

तलवार खाली आली.

शास्त्रीबुवांनी न्यायासन सोडलं. ते कारागिराकडे गेले, दात त्याच्यापुढे ठेवले आणि काय काय दुखतं ते पहिल्यांदाच सांगितलं. कारागिराने कड घासली, तार आवळली. पान खाऊन व्हायच्या आत काम झालं.

"बोला," तो म्हणाला.

"सोडा," शास्त्रीबुवा म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ आला. कुठे बोचलं नाही, काही हललं नाही. मग ते तिथेच बसून लहान मुलासारखे रडले.

बोचतं ते वेळीच बोलावं. भिडेपोटी गिळलेलं दुखणं निरपराधाला भोगावं लागतं.