मिनाराहून उंच उंदीरराव

एका गावच्या बागेत जगप्रसिद्ध इमारतींच्या ठेंगण्या प्रतिकृती मांडल्या होत्या, तेव्हाची ही हकिगत. एके सकाळी उंदीरराव बायकापोरांना ती बाग दाखवायला घेऊन गेले. कुतुबमिनाराशेजारी मागच्या पायांवर उभे राहून ते म्हणाले, "बघा रे, तुमचा बाप मिनारापेक्षा उंच आहे!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात मांजर आलं. उंदरीण पोरांना घेऊन गटाराच्या पाइपात शिरली आणि ओरडली, "अहो, लवकर इकडे या!"

"मी आणि गटारात?" म्हणत उंदीरराव ताजमहालाकडे धावले. पण त्याचं दार नुसतं रंगवलेलं होतं. शेवटी अर्धी शेपटी मांजराच्या तोंडात सोडून ते कसेबसे पाइपात घुसले.

घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी शेपटीचं विचारलं. उंदीरराव सुस्कारा टाकून म्हणाले, "काय सांगू! आमच्या उंचीला ताजमहालाचं दार पुरलं नाही."