तलवारीला घातलेली माळ

सरदार हैबतराव आजारी होते, म्हणून लग्नाला त्यांच्याऐवजी त्यांची तलवार आली. रिवाजच होता तसा. गुणवंताबाईंनी तलवारीलाच माळ घातली. पुढं सरदारांना मोठ्या घरचं स्थळ आलं, तसे ते भर दरबारात म्हणाले, "मांडवात मी नव्हतोच. हे लग्न मला मान्य नाही."

गुणवंताबाईंनी तीच तलवार महाराजांपुढं ठेवली.

"महाराज, भैरवगड हिनंच घेतला. तेव्हाही हे घरीच होते. यांच्या वतीनं मुतालिक लढला आणि गडावरच पडला. जहागीर मात्र यांना मिळाली. लग्न यांचं नसेल, तर गडही यांचा नाही. जहागीर मुतालिकाच्या विधवेला द्या. मी माहेरी जाते."

महाराज सरदारांकडं वळले. "बोला सरदार, कुठं कुठं नव्हता तुम्ही?"