सुनांचा आड

फार फार वर्षांमागची गोष्ट. उंबरदऱ्यात तेव्हा नळ नव्हते, हापसेही नव्हते. शहाणी माणसं मात्र आजच्याइतकीच होती. ती सगळी मारुतीच्या पारावर बसत. गावाला आड हवा आणि तो पारासमोरच हवा, असं त्यांनीच ठरवलं. आड झाला. पाणी इतकं गोड, की जेवणानंतर गुळाचा खडा लागत नसे, असं म्हणतात.

तरी बाया पाण्याला जात त्या कोसभर खाली, ओढ्यावरच. पारावर कुरकुर सुरू झाली.

"दारात पानी आणून दिलं, तरी यांना वढ्यावर गप्पा हाणायला पायजेत!" दाजिबा पाटील म्हणाले, आणि त्यांनी ओढ्याची वाट काट्या लावून बंद केली.

आता तेव्हाची रीत सांगायला हवी. सुना थोरांसमोरून वहाणा घालून जात नसत. पार आला की वहाणा एका हातात, दुसऱ्या हातानं पदर खाली ओढलेला. मग डोईवरची घागर धरायची कुणी? हा प्रश्न पारावर एकालाही पडला नाही, कारण त्यांच्यातल्या एकानंही जन्मात घागर उचलली नव्हती.

कौतिका नावाची एक सून होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. ती पारासमोरच पडली. घागर फुटली. पोटातलं वाचलं, देवाची कृपा. पण हात द्यायला पारावरून कुणी उठलं नाही. "येंधळी हाय," म्हणाले, आणि पुन्हा पानाला चुना लावू लागले.

हे यल्लव्वा वडारणीनं पाहिलं. तो आड तिच्याच नवऱ्यानं खणला होता. तो वारल्यावर ती काठाचे दगड घडवून पोट भरत होती. तिनं हातोडा ठेवला, कौतिकाला उठवून बसवलं आणि विचारलं, "तुला कुटं पायजे हुतं गं पानी?"

सुनेला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. कौतिकानं आधी पाराकडे पाहिलं, मग पदराआडून पुटपुटली, "घरांच्या मागं. बोरीपाशी. तिथं कुनी बसत न्हाई."

यल्लव्वा पहार घेऊन निघालेली पाहून पाटील हसले. "तिथं काळा खडक हाय, बाई. पानी न्हाई, ठिणग्या निगतील."

"मंग पानी लागंस्तवर मी वर येत न्हाई," ती म्हणाली.

आणि खरंच आली नाही. तिची पहार पडली की घराघरातली भांडी वाजत, असं म्हणतात. सुना पाट्यांतून दगड वर ओढत आणि दोरीला भाकरी बांधून खाली सोडत. हळूहळू सासवाही आल्या. त्याही कधी काळी सुनाच होत्या. मग एका दुपारी भाकरी तशीच वर आली. हाका मारल्या, तर ओ नाही. बायांच्या तोंडचं पाणी पळालं. कौतिका काठावर रडत बसली, की मी बोलले नसते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात खालून खळखळ ऐकू आली. पाणी असं उसळलं, की त्यानं यल्लव्वाला पहारीसकट अलगद काठावर आणून ठेवलं, असं म्हणतात.

पुढे ती गाढवांवर बिऱ्हाड लादून गेली. कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. पण गरोदर बाई आली, की त्या आडाचं पाणी काठापर्यंत चढायचं, तिला वाकावं लागू नये म्हणून. मी नाही पाहिलं. माझ्या आईनं पाहिलंय, आणि आई खोटं बोलत नसे. मला आठवतं ते तिथलं बायांचं हसणं. दुपारभर चालायचं, शेतापर्यंत ऐकू यायचं. आता आडावर जाळी आहे, आणि ते हसणं कुठं गेलं कोण जाणे. फार चुकल्यासारखं होतं.

एक मात्र राहिलंय. गावात नळ, मोरी, काहीही बांधायचं तर सगळ्यांत नव्या सुनेला आधी विचारतात. त्याला 'यल्लव्वाचं विचारणं' म्हणतात.

परवा बायकांसाठी संडास बांधायला घेतले, तेव्हा घाईत विचारायचं राहून गेलं. दारं रस्त्याकडे काढलेली, विटांचे थरही चढलेले. कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि काम थांबवून नव्या सुनेला बोलावलं. लग्नाची हळदही उतरली नव्हती पोरीची. मान खाली घालून उभी राहिली. कुणी घाई केली नाही. गवंड्याचा चहा निवला. शेवटी तिनं नुसतं बोट केलं, रस्त्याच्या उलट बाजूला.

सरपंच उठले, बाह्या सारल्या आणि आपल्या हातानं विटा उतरवू लागले.