हौसाचे वाचन

एका गावात ख्रिस्ती लोकांची बावीस घरे होती, आणि त्या बावीस घरांना एकाच माणसाचा धाक होता. त्या म्हणजे तबिथाबाई भालेराव. सदतीस वर्षे शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत.

बाई मनाने वाईट नव्हत्या. कुणी आजारी पडले की पेजेचा डबा त्यांच्याच घरून जाई. पण इतकी वर्षे वह्या तपासून त्यांना एक खोड जडली होती. माणूस काय चुकला ते त्यांना आधी दिसे, आणि दिसले की बोलल्यावाचून राहवत नसे. मंडळीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कुणाचे गीत बेसूर झाले, कुणाची प्रार्थना लांबली, तर उपासना संपल्यावर बाई त्याला दारातच गाठत. "मी खरं तेच बोलते," असे त्या म्हणत. आणि ते खरेच असे.

त्याच गावात हौसा साळवे नावाची एक विधवा राहत होती. लहानपणापासून ती वीटभट्टीवर राबत आली होती. शाळेची पायरी तिने कधी चढली नव्हती. चाळिशी उलटल्यावर एके दिवशी ती चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नीकडे, सुवर्णाताईंकडे गेली आणि चाचरत म्हणाली, "ताई, देवाचं वचन आजवर दुसऱ्याच्या तोंडानं ऐकत आले. मला सोताला वाचायला येईल का हो?"

"येईल की," ताई म्हणाल्या आणि त्यांनी तिला पाटी आणून दिली.

दोन वर्षे हौसा भट्टीवरून परतताना हातपाय धुऊन ताईंच्या ओसरीवर बसली. बोटांना भेगा पडलेल्या, पेन्सिल नीट धरता येत नसे. जोडाक्षर आले की ती घामाघूम होई. 'ख्रिस्त' हा शब्द कुणी न सांगता तिला पहिल्यांदा वाचता आला, त्या दिवशी तिने पाटी छातीशी धरली आणि ती ढसढसा रडली.

पुढे स्त्रियांच्या उपासनेचा रविवार आला. त्या दिवशीचा शास्त्रपाठ हौसाने वाचावा, असे ताईंनी ठरवले. पाचच वचने होती. धुवट लुगडे नेसून हौसा पुढे गेली. ओळीखाली बोट धरून ती एकेक अक्षर लावू लागली. 'आणि'चे 'आनि' झाले. एका लांब शब्दापाशी ती तीनदा अडली. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली, कुणी तरी खोकले. तरी हौसा थांबली नाही. पाचवे वचन संपवून तिने वर पाहिले, तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

पहिल्या बाकावर बसलेल्या तबिथाबाईंनी चुका मोजल्या होत्या. पण मोजता मोजता त्यांना ओळीखालचे ते भेगाळलेले बोटही दिसले होते. चाळिशीच्या बाईने हे कसे कमावले असेल, असे त्यांच्या मनात येऊन गेले. तिला शाबास म्हणावे, असे त्यांना वाटले.

उपासना सुटल्यावर हौसा थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. भोवती दहा-बारा बायका होत्या. "बाई, कसं झालं?" तिने विचारले.

मनातले दोन शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आले. पण सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत, आपण काय म्हणतो ते ऐकायला सगळ्या थांबल्या आहेत, हे पाहिले आणि बाईंच्यातली मास्तरीण जागी झाली.

"सात ठिकाणी चुकलीस, हौसा. देवाच्या वचनाची अशी ओढाताण करू नये. ज्यांना येतं त्यांना वाचू द्यावं."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. हौसाच्या चेहऱ्यावरचे हसू कुठल्या कुठे गेले. "व्हय, बाई," ती म्हणाली आणि पदर सावरून चालू लागली.

पुढच्या रविवारी ती दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसली. ओसरीवर यायचेही तिने सोडले. ताई तिच्या घरी गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या तोंडानं देवाचा अपमान कशापाई करायचा, ताई? ऐकते तेवढं पुरे हाय."

सुवर्णाताई तशाच तबिथाबाईंकडे आल्या. "बाई, तिच्याशी एक शब्द बोला. मी शंभरदा समजावलं तरी उपयोग नाही. तुम्ही म्हणालात तर ती पुन्हा उभी राहील."

"मी खोटं कसं बोलू?" बाई म्हणाल्या. "चुका होत्याच."

"खोटं नकाच बोलू. पण तिनं दोन वर्षं खपून अक्षरं मिळवली, हे खरं नाही का? मग तेही सांगा की."

बाईंना ते पटले. त्या रात्रीच्या जेवणाआधीच जाऊन यावे असेही त्यांना वाटले. पण आपण होऊन तिच्या दारात जायचे म्हणजे आपलेच बोलणे मागे घ्यायचे. "बघू, भेटली की बोलेन," त्या म्हणाल्या. हौसा दर रविवारी भेटत होती. बाई दर रविवारी ते बोलणे पुढच्या रविवारवर ढकलत होत्या. पुढल्या वर्षी पाळकसाहेबांची बदली झाली, सुवर्णाताई गेल्या, आणि ती गोष्ट काढणारे कुणी उरले नाही.

अशी सहा वर्षे गेली. बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. डॉक्टरांनी इलाज केले, पण गेलेली नजर परत येणार नव्हती. हळूहळू सगळा अंधार झाला. मुलगा दूर शहरात होता; त्याच्याकडे जायला बाई तयार नव्हत्या. सुरुवातीला मंडळीतले लोक येत, थोडा वेळ बसत. पण बाईंपुढे बोलायची सगळ्यांनाच धास्ती. काय बोललो तर काय चुकेल, असे वाटून येणारे कमी होत गेले.

हौसा मात्र येत राहिली. तिला कुणी बोलावले नव्हते. सकाळी भट्टीवर जाण्याआधी ती पाणी भरी, झाडून काढी, भाकरी टाकून जाई. बाईंना तिच्यापुढे फार अवघडल्यासारखे होई, पण ती जुनी गोष्ट दोघीही काढत नसत.

बाईंना सगळ्यात जास्त उणीव भासे ती वाचनाची. पुष्कळ वचने पाठ होती, पण आता मधल्या ओळी निसटू लागल्या होत्या. एका दुपारी, भट्टीला सुट्टी होती तेव्हा, त्या एकाएकी म्हणाल्या, "हौसा, कपाटातलं माझं पवित्र शास्त्र काढ. जरा वाचून दाखव. कसंही वाच, मला ऐकायचंय."

हौसा म्हणाली, "बाई, मला आता येत न्हाई."

"येत नाही कसं? मी स्वतः ऐकलंय."

"त्या दिसानंतर पुस्तक उघडलंच न्हाई म्या. पाटी कुठं गेली ठावं न्हाई. सगळं इसरले."

"आठवेल. काढ तर खरं."

हौसाने पुस्तक काढले, उघडले आणि ओळीखाली बोट ठेवले. खरखरीत बोट कागदावरून सरकत होते, ते बाईंना ऐकू येत होते. ते पुढे जाई, थांबे, पुन्हा मागे येई. शब्द मात्र एकही येत नव्हता. खूप वेळाने हौसाने हळूच विचारले, "बाई, ह्यो 'भ' हाय का 'म'?"

बाईंनी सवयीने पुस्तकाकडे मान वळवली. त्यांना काहीच दिसत नव्हते. सदतीस वर्षे ज्यांनी मुलांना अक्षरे दाखवली, त्यांना त्या एका अक्षराचे उत्तर देता येईना. त्या हमसून रडू लागल्या.

"हौसा, त्या दिवशी तू चांगलं वाचलं होतंस गं. शाबास म्हणावं, असं तेव्हाच मनात आलं होतं."

हौसाने पुस्तक मिटले. तिचेही डोळे वाहत होते. "मग तवा का न्हाई बोललात, बाई?"

बाईंनी चाचपडत तिचे हात धरले. "मला क्षमा कर."

"क्षमा तर म्या कवाच केलीया," हौसा म्हणाली. "त्याबिगर तुमच्या दारात पाय कसा टाकला असता? पर अक्षरं आता कुठनं आणू?"

त्यानंतरच्या रविवारी बाई हौसाचा हात धरून देवळात गेल्या. उपासना संपायच्या आधी त्यांनी बोलायची परवानगी मागितली आणि ज्या मंडळीतल्या बायकांदेखत हौसाला खाली पाहायला लावले होते, त्याच मंडळीपुढे सगळे सांगितले. त्या दिवशी हसलेल्या बायका खाली माना घालून बसल्या होत्या.

नव्या पाळकांनी हौसाला पुन्हा शिकवायचा प्रयत्न केला. ती महिनाभर गेलीही. पण भट्टीच्या धुराने आता तिच्याही डोळ्यांना धार लागे, आणि पहिली ती जिद्द राहिली नव्हती. "आता न्हाई ऱ्हात डोक्यात, साहेब," असे एक दिवस हसून म्हणाली आणि पुन्हा गेली नाही.

बाई त्यानंतर तीन वर्षे जगल्या. आता त्या दारात थांबत ते चांगले सांगायला. कुणी पहिल्यांदा प्रार्थना केली, कुणी गीत म्हटले, की बाई त्याचा हात हातात घेऊन त्याच दिवशी, त्याच ठिकाणी म्हणत, "ऐकून मला बळ आलं." माणसे उजळून जात. देवळात दबक्या आवाजात गाणारे मोकळे गाऊ लागले. हौसा शेजारी उभी राहून ते ऐकत असे, आणि मग बाईंना सांभाळून घरी नेत असे.

तात्पर्य: विश्वासात आपल्याबरोबर चालणाऱ्या माणसाबद्दल मनात चांगला शब्द आला, तर तो त्याच घटकेला प्रेमाने बोलावा. दुखावलेला माणूस उद्या क्षमा करील. पण त्या शब्दावाचून त्याच्यात जे विझले, ते उशिरा बोलून पुन्हा पेटेलच असे नाही.