मधला टेकू

“आक्का, तुम्ही तिला अडवणार आहात की नाही?”

विद्याधर पायरीवरूनच बोलला. हातात हातोडी, केसांत सिमेंटची धूळ. मठाच्या नव्या सभामंडपाचं काम त्यानं सेवा म्हणून अंगावर घेतलं होतं. त्या दुपारी स्लॅबखालचे टेकू काढणं चाललं होतं. धाकटी बहीण बॅग घेऊन आक्कांच्या पाया पडायला आली आहे असं कळलं, तसा तो काम अर्धवट टाकून धावत आला.

बहीण म्हणजे कुमुद. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच असायची. आता सोलापूरला मुलींच्या वसतिगृहात तिला देखरेखीची जागा मिळाली होती. चारची एस.टी. होती.

मठ सांभाळणाऱ्या अंबाआक्का ओसरीवर आम्हा बायकांत बसून फुलवाती वळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“मी कशाला अडवू?”

“तिला एकटीला जमायचं नाही. तिला सपोर्ट लागतो, आक्का. बँकेत मी, दवाखान्यात मी. परवा साधी चष्म्याची काच बदलायची, तरी मीच!”

“काच बदलायला मी निघालेच होते, दादा,” कुमुद हळूच म्हणाली. “तू चपला लपवून ठेवल्यास.”

कुणीतरी फिसकन हसलं. विद्याधर लाल झाला.

“बघा! एवढा सपोर्ट करून हे ऐकायचं. फुकट नाही केलेलं मी. बाबांच्या अंथरुणाशी शब्द दिलाय, हिला उघड्यावर पडू देणार नाही म्हणून. त्या दिवशी गोड सोडलं. सणासुदीला नाही, माझ्या पोरीच्या लग्नात नाही. जिलबीचं ताट पुढून परत पाठवलं!”

“म्हणजे व्रतच घेतलंस की,” आक्का म्हणाल्या.

“व्रतच.” त्याची मान ताठ झाली.

“मग उद्यापन कधी?”

“…याला कसलं उद्यापन?”

आमच्या बोटांतल्या वाती तशाच राहिल्या. सोमवार धरा, गुरुवार धरा, चतुर्थी धरा… धरतानाच सोडायचं कधी ते ठरतं. पोरीबाळींनाही ठाऊक असतं.

आक्कांनी एक वात पूर्ण केली. तबकात ठेवली.

“विद्या, तुझ्या कामाच्या माणसांशी बोलतानाही तू हा ‘सपोर्ट’ शब्द वापरतोस. मी मघापासून ऐकतेय. काय सांगत होतास त्यांना?”

“सकाळपासून? सपोर्ट काढा म्हणून.”

“आणि महिन्यामागं?”

“तेव्हा सपोर्ट लावा म्हणून. स्लॅब ओला होता.”

“आणि घरी?”

त्यानं हातोडी या हातातून त्या हातात घेतली.

“घरी यातलं एकच ऐकू येतं,” कुमुद पुटपुटली.

“माणूस म्हणजे स्लॅब नव्हे!” विद्याधरचा आवाज चढला. मठात इतक्या मोठ्यानं कुणी बोलत नाही. बाहेर सेंट्रिंगवाल्यांची बडबडही थांबली.

“नव्हेच,” आक्का म्हणाल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. सभामंडपाकडे चालू लागल्या. आम्ही मागोमाग.

मंडप रिकामा होता. मधोमध तेवढा एक टेकू उभा.

“हा का ठेवलास?”

“ठेवला नाही, राहिला. हिच्या पायी. आता काढतो.”

“असू दे की. सेवेचं काम. एखादा जास्तीचा आधार असला तर बरंच.”

“नाही आक्का, मधला एकटा ठेवून चालत नाही. वरून वजन आलं की तडा जातो. नेमका त्याच्याच डोक्यावर.”

“कशानं?”

विद्याधरनं टेकूकडे पाहिलं.

“कशानं रे?”

“…टेकूनं.”

आक्का पुढे गेल्या आणि थेट त्या टेकूच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

“काढ.”

“आधी तुम्ही उठा.”

“स्लॅब कच्चा आहे?”

“नाही.”

“हिशेब चुकलाय?”

“माझा? नाही!”

“मग कच्चं काय आहे?”

हातोडीचा दांडा तळहातात घट्ट झाला होता. तेवढ्यात कुमुदनं बॅग खाली ठेवली, पदर खोचला आणि आक्कांच्या बाजूला जाऊन बसली.

“कुमे, ऊठ तिथून.”

“दादा, चारची गाडी चुकेल.”

“ऊठ म्हणतो ना!”

“तूच बांधलायस ना?” ती म्हणाली. “मग मी बसते.”

मी मनातल्या मनात नाम घेऊ लागले. शेजारच्या काकूंनी माझा हात धरला. विद्याधरनं वर पाहिलं. मग बहिणीकडे. ती स्लॅबकडे बघतच नव्हती, भावाकडे बघत होती.

तो वाकला. टेकूखालच्या पाचरीवर हातोडी मारली. हलली नाही.

पुन्हा मारली.

पाचर निसटली. टेकू कलला, त्यानं तो छातीशी धरून आडवा केला. वरून थोडी माती कुमुदच्या केसांवर पडली.

…

काही झालं नाही.

कुमुद उठली. केस झटकले. आक्कांच्या पाया पडली, मग भावाच्या. तो अजून तो टेकू पोटाशी धरून होता. तिनंच तो त्याच्या हातांतून काढून भिंतीला लावला.

“पोचल्यावर फोन करीन. उचल मात्र.”

“…चार्जर घेतलास?”

“घेतला.”

फाटकापर्यंत ती वळली नाही. फाटकाशी वळली, हात हलवला.

आक्का देवघरात जाऊन आल्या. नैवेद्याचा पेढा होता मुठीत. विद्याधर मंडपाच्या मधोमध उभा होता. मान वर, डोळे भरलेले, स्लॅबवरून नजर हलत नव्हती.

आक्कांनी पेढा त्याच्या तोंडाशी धरला.

“वर काय बघतोस? आ कर.”